राणीचा खुंट

अकरा वर्षांनी माळ्याने त्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर हिरवळीच्या मधोमध जाऊन खाकरून थुंकला. मग दोन पावलं सरकून आणखी एकदा थुंकला. पहिलं थुंकणं हेडमास्तरांच्या नावाचं होतं, दुसरं हिरवळीच्या.

“बाबा, घर आता आपलं आहे,” ओट्यावरून लेक म्हणाली.

“म्हणून तर थुंकलो. दुसऱ्याच्या बागेत थुंकायला मी काय अडाणी आहे?”

लेक नर्स होती, जावई बस चालवायचा. दोघांनी हे घर घेतलं ते दवाखाना जवळ, विहिरीला पाणी आणि छप्पर गळत नाही म्हणून. घर विकणाऱ्या हेडमास्तरांचे गुडघे गेले होते, ओट्याच्या चार पायऱ्या त्यांना डोंगर झाल्या होत्या, म्हणून ते पुढच्या गल्लीत बहिणीच्या तळमजल्यावर राहायला गेले. व्यवहार इतका साधा होता. पण माळ्याला विचाराल तर हे घर मुळात बांधलं गेलं, विकलं गेलं आणि लेकीने घेतलं, ते सगळं त्याचा सूड पुरा व्हावा म्हणून. इतकी वर्षं लागली, एवढंच. बांधकामाला वेळ लागतोच.

या बागेत त्याने बावीस वर्षं घाम गाळला होता. एकेक आळं त्याच्या हातचं, एकेक झाड त्याने लावलेलं. हेडमास्तर फक्त पाट्या लावायचे. झाडाखाली पत्र्याची पाटी, तिच्यावर झाडाचं असं नाव की खुद्द झाडाने ऐकलं तर वळून बघू नये. फाटकाजवळच्या कोपऱ्यात मात्र पाटीवर एकच शब्द होता, राणी. ती पाटी गुलाबाची होती. फूल इतकं गडद लाल, की ऊन तिरकं झालं की काळं दिसायचं. माळ्याने रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरून, म्हणजे कलम करून, ही राणी स्वतः तयार केली होती. फुलांच्या प्रदर्शनात ती तीन वेळा पहिली आली आणि तिन्ही वेळा बक्षीस घ्यायला हेडमास्तर गेले. माळी कुंडी धरून मागे उभा.

मग एका थंडीत माळ्याला ताप चढला. बारा दिवस अंथरुणात. तेवढे दिवस पाणी घालायला त्याची बायको जायची. त्याच दिवसांत हेडमास्तरांनी झाडं छाटायची नवी कात्री आणली होती. तिची धार बघायला ते दिसेल ते कापत सुटले होते, हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. माळी उठून कामावर गेला तेव्हा राणी छाटलेली होती. नवी फूट जोरात होती. त्याने खत घातलं, आळं केलं. दोन महिन्यांनी कळ्या आल्या. परीक्षक बाग बघायला आले त्या सकाळी त्या उमलल्या. रुपयाएवढी फुलं, पाच पाकळ्यांची, फिक्कट गुलाबी. रानगुलाब.

परीक्षक सभ्य होते, हसले नाहीत. हेडमास्तर पांढरे पडले, मग लाल झाले.

“राणी कुठाय?” त्यांनी विचारलं. “कोणाला दिलीस? कोणाच्या घरी लावून आलास? मला काय आंधळा समजतोस, की हे भिकार रोप लावलंस तिच्या जागी?”

“साहेब, झाड तेच आहे. कोणीतरी डोळ्याच्या खाली छाटलंय. वरची राणी गेली, खालचा खुंट फुटला.”

“कोणीतरी? पिशवी दाखव.”

चार परक्या माणसांसमोर त्याची पिशवी ओट्यावर उलटी केली. त्यातून एक खुरपं, एक गोणपाटाचा तुकडा आणि दोन लिंबं निघाली. लिंबं सकाळी हेडमास्तरांनीच दिली होती. पण ते त्यांना आठवलं नाही. एक लिंबू घरंगळत पायरीवरून खाली गेलं. एका परीक्षकाने ते उचलून परत ओट्यावर ठेवलं, पुरावा म्हणून असावं.

त्या दिवशी काम गेलं. पण काम परत मिळतं. गेलं ते नाव. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दुसऱ्याच दिवशी हाक मारली, “काय गुलाबशेठ, आज कोणाची राणी पळवली?” तेव्हापासून तो सगळ्या वस्तीला गुलाबशेठ झाला. बागेचं काम कोणी देईना. त्याने रस्त्याची खडी टाकली, खड्डे खणले, सिमेंटची पोती पाठीवर वाहिली, आणि रोज जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी म्हणायचा, “ज्या हाताने राणी कापली, तो हात कोपरापासून झडो.” मग जेवायचा. बायको वाढत असायची. “थंड होतंय, जेवा,” एवढंच म्हणायची.

हेडमास्तरांनी तो रानगुलाब काढला नाही. वाढू दिला. पाहुण्यांना कोपऱ्यात नेऊन दाखवायचे, “हे बघा. विश्वास ठेवला की असं उगवतं.” शिक्षक माणूस, साधन हाताशी असताना धडा कसा सोडेल?

आता बाग माळ्याच्या हातात आली होती. सोमवारपासून त्याने सूड सुरू केला.

आधी दगड. वाटेच्या दोन्ही अंगांना हेडमास्तरांनी चुना लावलेले पांढरे दगड ओळीने बसवले होते, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. माळ्याने पहारीने एकेक उखडला आणि विहिरीजवळ नेऊन टाकला. कपडे आपटायला. मंगळवारी पाट्या. त्या वाकवून उंदरांच्या बिळांवर ठोकल्या. बुधवारी मेंदीचं कुंपण, जे बावीस वर्षं दोरी लावून त्याने सरळ कापलं होतं, ते कमरेपासून तोडलं. तोडताना हात आपोआप सरळ रेषेत चालायचा, तेव्हा थांबून मुद्दाम दोन घाव वाकडे घालायचा.

हिरवळीला तीन दिवस लागले. उन्हाने जमीन इतकी तापली होती, की कुदळ मारली की मनगटापासून खांद्यापर्यंत झणझणायचं. तळहाताचे जुने घट्टे सोलले, नवे फोड आले. बायको ढेकळं फोडत मागून यायची. तिची कंबर धरायची, तेव्हा ती कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहायची.

“इथे वांगी,” माळी सांगायचा. “तिथे कांदा. आणि त्या खिडकीसमोर, जिथे ते खुर्ची टाकून बसायचे ना, तिथे शेणखताचा खड्डा.”

“खिडकीत आता आपण बसणार आहोत,” बायको म्हणाली.

यावर त्याने विचार केला. “मग खड्डा जरा तिकडे,” तो म्हणाला.

शनिवारपर्यंत बागेचं शेत झालं. राहिला तो फाटकाजवळचा कोपरा. तिथे आता रानगुलाबाची जाळी माजली होती. पुरुषभर उंच, काटे असे की मांजर शिरलं तर अंगावरचे केस ठेवून बाहेर यावं.

“ते पेटवून द्या,” बायको म्हणाली. “काडी लावली की संपलं. हात फाडून घेऊ नका.”

“पेटवू? अगं, अकरा वर्षं त्या म्हाताऱ्याने माझा पुरावा सांभाळून ठेवलाय. स्वतः पाणी घालून.” त्याचे डोळे चमकले. “राणी मी कशात लावली होती, आठवतंय? बूड गेलेली लोखंडी बादली. उंदीर मुळं खायचे, म्हणून बादलीसकट पुरली होती. मी झाड बदललं असतं तर बादली उपटावी लागली असती. मुळं त्या बादलीतून खाली गेली असतील तर झाड तेच. आणि झाड तेच असेल तर मधल्या खोडावर कापल्याची खूण असणार, डोळ्याच्या खाली. त्यांच्या नव्या कात्रीची. उद्या खणायचं. सगळ्यांसमोर. त्यांनाही बोलाव.”

“जुनी मढी कशाला उकरायची?” ती म्हणाली.

“माझं मढं आहे. मीच उकरणार.”

रविवारी सकाळी गल्ली जमली. इस्त्रीवाला धंदा बंद करून आला होता. आपण ठेवलेल्या नावाचं काय होतंय, याची त्याला काळजी होती. जावयाने खुर्ची आणली. हेडमास्तर काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि सवयीने चष्मा पुसून आधी हजेरी घेतल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं. बाग पाहिली. कांद्याचे वाफे पाहिले. हिरवळ होती तिथे त्यांची नजर जरा अडखळली. तेवढ्या समाधानावर माळ्याने दोन दिवस काढले असते.

“कशाला बोलावलंस?” ते म्हणाले.

“शिकवायला,” माळी म्हणाला.

त्याने कोयत्याने फांद्या तोडल्या. काटे कोपरापर्यंत ओरबाडत होते, पण त्याने बाही खाली केली नाही. रक्त दिसलेलं त्याला हवं होतं. जाळी मोकळी झाल्यावर मधोमध मेलेलं, वाळलेलं, शिंगासारखं टणक झालेलं एक आखूड खोड दिसलं. त्याच्या बुडातून चारी बाजूंना रानगुलाब फुटला होता. मग कुदळ. माती उडत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. फूटभर खाली कुदळ लोखंडाला लागून वाजली.

“बघा!” माळी ओरडला.

बादली गंजून जाळी झाली होती. अंगठ्याएवढी मुळं तिच्यातून आरपार गेली होती, काही भोकांतून बाहेर वळून परत आत आली होती. इस्त्रीवाल्याने वाकून मूळ ओढून पाहिलं. हललं नाही.

“हे कोणी बदललेलं नाही,” तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला होता.

माळ्याने सगळा गड्डा बाहेर काढला, मातीचा लपका झटकला आणि हेडमास्तरांच्या मांडीपुढे धरला. “हे मधलं खोड. डोळा भरला की तिथे गाठ येते, मुठीसारखी. आहे गाठ? नाही. का नाही? कारण गाठीच्या खाली कापलंय. हा बघा घाव. तिरका, एका दमात. धार नवी होती, साहेब.”

हेडमास्तरांनी घावावरून बोट फिरवलं.

“त्या थंडीत मी पुष्कळ कापलं,” ते म्हणाले. “कुंपण कापलं. जाई कापली. बहिणीचं लिंबाचं झाडसुद्धा कापलं. हे कापल्याचं आठवत नाही. पण लिंबाचंही तिने सांगेपर्यंत आठवत नव्हतं.” ते काठीवर भार देऊन उठले. गुडघे कडकडले. मग शाळेच्या मैदानावर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “सर्वांनी ऐका. या माणसाने चोरी केली नाही. झाड माझ्या हातून गेलं. मी याची झडती घेतली, ती माझी चूक. माळीबुवा, मला क्षमा करा.”

तू-चं तुम्ही झालं होतं. इस्त्रीवाल्याने दोन्ही कान धरले. “गुलाबशेठ, चुकलो. म्हणजे, काका.”

अकरा वर्षं माळ्याने या क्षणासाठी शब्द जमवून ठेवले होते, एकापेक्षा एक झोंबरे. पण समोरच्याने आधीच मान खाली घातल्यावर ते कुठे मारायचे, हे त्याला कळेना. त्याने नुसतं डोकं हलवलं. हेडमास्तर काठी टेकत गेले. लोक पांगले.

दुपारी तो स्वयंपाकघराच्या पायरीवर ते खोड मांडीवर घेऊन बसला होता. बायको भांडी घासत होती.

“फार नाही, दोन-तीन बोटांनी राणी गेली गं,” तो म्हणाला. “डोळा मी नेहमी वीतभराला दोन बोटं कमी अशा उंचीवर भरतो. वीत सोडून कापलं असतं तर राणी आज फाटकाला लगडली असती.” त्याने मातीच्या खुणेवर अंगठा टेकवून वीत पसरली. करंगळी घावाच्या पुढे हवेत राहिली.

बायकोने हात धुतले, पदराला पुसले. त्याच्याशेजारी बसली. खोडाच्या बुडाशी अंगठा टेकवला आणि आपली वीत पसरली. भांडी घासून सुरकुतलेली तिची करंगळी बरोबर घावावर टेकली. ना कमी, ना जास्त.

ती म्हणाली, “तापात पडला होतात, धड शुद्ध नव्हती. म्हणालात, पाणी घालशील ते घाल, पण छाटणीचे दिवस जातायत, राणीला वीतभर ठेव आणि वरचं काप. मी वीतभर ठेवली.”

माळ्याने तिच्या हाताकडे बघितलं. मग स्वतःच्या. कुदळीने ताणलेला, पंख्यासारखा पंजा. चाळीस वर्षं दोघं एका घरात राहिली, पण हात हाताशी लावून मापायची वेळ कधी आली नव्हती.

“कात्री?”

“त्यांचीच. ओट्यावर पडली होती.”

“आणि तू अकरा वर्षं...”

“पहिल्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही दारातूनच म्हणत आलात, ज्याने कापलं त्याचा हात झडो. म्हटलं, आधी जेवू दे. जेवताना परत म्हणालात. दुसऱ्या दिवशी परत. पहिली दोन वर्षं भीती वाटली. मग राग आला. रोज या हाताचं खायचं आणि याच हाताला तळतळाट द्यायचा! म्हटलं, देऊ दे. बघू, किती वर्षं पुरतो ते.” तिने पंजा उघडमीट करून दाखवला. “झडला नाही. जरा दुखतो, पण ते भांड्यांनी.”

“मग आज तरी कशाला सांगितलंस? सगळं जुळलं होतं.”

“त्या म्हाताऱ्याने गुडघे दुखत असताना उभं राहून माफी मागितली. बसून मागितली असती तर नसतं सांगितलं.” ती परत भांड्यांकडे वळली. “बाकी तुमचं तुम्ही बघा. मी अकरा वर्षं गप्प बसले. तुम्ही एक दिवस बसून दाखवा.”

तो एक दिवस बसला. सोमवारी दूधवाल्याने वाकून नमस्कार केला. इस्त्रीवाल्याने त्याचा सदरा ओढून नेऊन फुकट इस्त्री करून आणला, कॉलरसुद्धा. औषधाच्या दुकानात म्हणे हेडमास्तर सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली चूक सांगत बसले होते. नाव परत आलं होतं, धुऊन, कडक होऊन. आणि ते त्या सदऱ्यासारखंच मानेला टोचत होतं.

मंगळवारी तो पुढच्या गल्लीत गेला. हेडमास्तर बहिणीच्या ओट्यावर बसले होते.

“साहेब, राणी तुम्ही नाही कापली. मी वीतभर म्हणालो, माझ्या बायकोने तिची वीत धरली. चूक माझ्या सांगण्याची. तुमची नाही.”

हेडमास्तरांचे डोळे पाणावले.

“माळीबुवा,” ते म्हणाले, “किती मोठं मन! मला ओझं होऊ नये म्हणून स्वतःच्या बायकोला पुढे करताय?”

“अहो, खरं सांगतोय.”

“चोरीचंही तुम्ही खरंच सांगत होता. तेव्हा मी ऐकलं नाही, आता तुम्ही खोटं सांगताय तर मी ऐकू?”

“साहेब, तिच्या हाताचं माप लावून बघा.”

“पुरे. माझं पाप माझ्याकडे राहू द्या,” हेडमास्तर म्हणाले आणि बहिणीला हाक मारली, “अगं, बाहेर ये. देवमाणूस बघायचाय का?”

बहीण बाहेर आली, तिने देवमाणूस पाहिला आणि आत गेली.

बुधवारी सकाळी आठला फाटक वाजलं. हेडमास्तर. डोक्यावर टोपी, हातात मोजे, काखेत घडीचं स्टूल. “बहिणीकडे बसून नुसता पश्चात्ताप होतो,” ते म्हणाले. “हातांना काम द्या. जे सांगाल ते.”

माळ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काल खरं सांगायला गेलो, ते यांनी परत केलं. पिशवीसारखं उलटं करून. मग तो त्यांना विहिरीमागे घेऊन गेला. तिथे लव्हाळा माजला होता, हिरवागार, टोकदार, जमिनीला फट न ठेवता.

“हे गवत उपटायचं,” तो म्हणाला. “एक काडी ठेवायची नाही.”

हेडमास्तर स्टुलावर बसले आणि उपटत राहिले. दुपारपर्यंत तुकडा साफ. मोजे काढून त्यांनी माळ्याला बोलावून दाखवला, बक्षिसाच्या कपासारखा. माळ्याने मान डोलावली. पाचव्या दिवशी तिथे लव्हाळा पहिल्याहून दाट उभा होता. हेडमास्तर चक्रावले, आणि परत स्टुलावर बसले.

बायको विहिरीवर कपडे आपटत होती. तिने हळूच नवऱ्याला हाक मारली.

“अहो, लव्हाळ्याच्या गाठी खाली खोल असतात. त्या खणून काढल्याशिवाय जन्मात जायचा नाही. सांगा की त्यांना.”

“सांगणार आहे ना,” माळी म्हणाला.

“कधी?”

माळ्याने वांग्याच्या रोपाचं एक पिवळं पान खुडलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

“जरा हात बसू दे त्यांचा,” तो म्हणाला.